मुरलेली बोर्दो

काचेच्या पेल्यात वाइनची कड विटकरी दिसत होती, मध्य अजून गडद लाल होता. फ्रान्सहून आणलेली ही बोर्दो तिच्या थोरल्या दिरांनी, आबांनी, नवऱ्याच्या दहाव्यालाच त्यानं उभारलेल्या केळीच्या शीतगृहात ठेवली होती. “शीतगृह माझ्या नावावर करशील, तेव्हा फोडू,” ते चारचौघांत हसून म्हणाले होते. तेव्हापासून इतकी वर्षं ती ‘बघू’ एवढंच म्हणत आली होती. आज तिनंच त्यांना बोलावलं आणि बाटली फोडली. बाहेर जळगावचा मे तापला होता; आत आबांच्या बागेतली सगळी केळी थंडाव्याला होती. आबांनी पेला घटकन रिचवला. “कडू शे. तुला नाही झेपायची ही.” तिनं लहानसा घोट जिभेवर धरला. आधी जांभूळ, मग ओली माती. वाइन ऐन भरात होती. यापुढे ती उतरणारच. “मग, करतेस ना नावावर?” “नाही, आबा. तुमची केळी आजच बाहेर काढा.”