दुसऱ्या वर्षीचा कोंब

फोन ठेवल्यावर टेलरनं आधी चेहरा ठीकठाक केला. गिऱ्हाईकं कोटाच्या बाह्या बघतात त्या आरशासमोर उभं राहून त्यानं दोनदा हसून पाहिलं. दोन्ही वेळा हसू उसवल्यासारखं दिसलं.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. बायकोच्या पोटातली गाठ पसरली होती, ऑपरेशनमध्ये आता अर्थ नव्हता. सहा महिने, फार तर आठ. पाठोपाठ मुलीचा फोन आला, डॉक्टरांनी तिलाही कळवलं होतं. मी रविवारी येते, आईला मीच सांगते, तोवर तुम्ही अवाक्षर काढू नका, असं तिनं बापाला बजावलं. बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आज गुरुवार. म्हणजे तीन दिवस काढायचे होते.

स्वयंपाकघरातून गेलं तर बायको भेटली असती. म्हणून तो दुकानाच्या कडेच्या बोळातून मागच्या अंगणात गेला.

तिथं शतावरीचा वाफा होता. औषधाची शतावरी नव्हे, कोंबांची भाजी करतात ती. हौस बायकोची. गेल्या वर्षी थंडी सरता सरता तिनं रोपवाटिकेतून मुळांचे गड्डे आणले, आणि टेलरनं ते काम परस्पर ताब्यात घेतलं. टेप लावून चर खणला. चरात मधोमध मातीचा उंचवटा करून त्यावर एकेक गड्डा बसवला, मुळं दोन्ही अंगांना सोडली. दोन गड्ड्यांमध्ये बरोबर दीड फूट, सुताइतकाही फरक नाही. कोंब वर येतील तशी चरात हलकेच माती ओढली. तण हातानं उपटलं, कारण खुरप्यानं मुळं दुखावतात.

रोपवाटिकेवाल्यानं सांगितलं होतं, पहिली दोन वर्षं एकही कोंब कापू नका. वाढू द्या, मुळं जोर धरू द्या. तिसऱ्या वर्षी कापा आणि मग वीस वर्षं खात बसा. टेलरनं ते काळ्या दगडावरची रेघ मानलं. नातीनं एक कोंब मोडला तेव्हा आजोबा दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. बायकोनं एकच चाखून बघू म्हटलं, तर तिलाही उत्तर मिळालं, नियम म्हणजे नियम. यावर ती म्हणाली होती की गिऱ्हाईकाच्या लग्नाचा कोटसुद्धा तुम्ही इतका रखडवला नसेल.

आता दुसरं वर्ष लागलं होतं. अकरा कोंब मातीतून वर आले होते, एक तर चांगला अंगठ्याएवढा जाड. टेलर वाफ्याशी उकिडवा बसला आणि बोटांवर महिने मोजू लागला. तिसरं वर्ष लागायला अजून बारा महिने होते. डॉक्टरांनी दिलेले आठ. त्यानं पुन्हा मोजलं. कापड कमी पडलं की तो कुठून तरी जोड देऊन निभावून न्यायचा, गिऱ्हाईकाला पत्ताही लागायचा नाही. इथं चार महिने कमी पडत होते आणि त्याला काही सुचत नव्हतं. त्याला भीती वाटत होती, बायकोच्या आजाराची आणि रविवारपर्यंतच्या प्रत्येक जेवणाची, जेव्हा ती समोर बसणार होती.

हातात कात्री होती. फोन घेताना दुकानातल्या टेबलावरून उचलली होती, ती तशीच राहिली होती. त्यानं वाकून तो जाडा कोंब कापला.

तो आत आला तेव्हा बायको टेबलाशी बसून जुनी बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत होती. हल्ली तिला तेवढंच झेपायचं. त्यानं पातेलीत पाणी उकळलं, कोंब शिजवला, मीठ आणि थोडं लोणी लावून बशीत तिच्यापुढे ठेवला. मग आरशातलं ते हसू हसला.

तिनं बशीकडे पाहिलं. मग खिडकीतून वाफ्याकडे. मग ओट्यावरच्या कात्रीकडे. कापडाखेरीज त्या कात्रीनं काही कापायची तीस वर्षांत कुणाला मुभा नव्हती. मुलीनं एकदा त्या कात्रीनं वहीचा कागद कापला, तर घरात आठवडाभर अबोला होता. आज तिच्या पात्यांना हिरवा रस लागला होता आणि टोकाला माती.

"दोन वर्षं झाली?" तिनं विचारलं.

"एकानं काय बिघडतंय."

"हे तुम्ही म्हणताय."

टेलर लोण्याचा डबा बंद करू लागला. झाकण बसेना.

"मगाशी फोन कुणाचा होता?"

"गिऱ्हाईकाचा," तो म्हणाला. "बाही आखूड झाली म्हणत होता." झाकण अजून बसत नव्हतं.

ती थोडा वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं कोंब खाल्ला, सावकाश, टोकापासून बुडापर्यंत. त्याला अर्धा देऊ केला नाही. चांगला लागला, एवढंच म्हणाली.

बशी सरकवून ती उठली. ओट्यावरची कात्री घेतली, चिंधीनं दोन्ही पाती पुसली, सांध्यावर मशीनच्या तेलाचा थेंब सोडला, उघडमीट करून पाहिली आणि त्याच्या हातात दिली.

"उरलेल्यांना हात लावायचा नाही," ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

तो मान हलवत राहिला. तिनं त्याच्या गळ्यातली टेप काढून घेतली, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि दहा कोंब मोजायला वाफ्याकडे गेली.