एका वाक्याची राखण

आजोबा मेले नाहीत, हे सकाळी सगळ्यांच्या आधी भिंगरीला दिसलं. दवाखान्याच्या खोलीत तिने टुणकन उडी मारली आणि ओरडली, "उठले! आजोबा उठले!" पण तिला वाटलं होतं तसा आनंद कुणाच्याच तोंडावर पसरला नाही. तिचे बाबा खुर्चीतच गळाठले. आजोबांच्या सचिवकाकांनी कपाळावर हात मारला. हसली ती फक्त आजी.

कारण आदल्या संध्याकाळी आजोबांनी शेवटचे शब्द बोलून टाकले होते.

आणि ते काही असेतसे नव्हते. आजोबा म्हणजे देशासाठी तुरुंगात गेलेला माणूस, पुढे मंत्री, इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्यावर अख्खा धडा. भिंगरीला तो परीक्षेला होता. धड्यात त्यांचा जन्म होता, मोर्चे होते, तुरुंगातला उपास होता. मरण तेवढं बाकी होतं. त्याची तयारी आजोबांनी बोर्डाच्या परीक्षेसारखी केली होती. थोर माणसं मरताना काय काय म्हणाली, सगळं त्यांना तोंडपाठ. एका महाकवीने म्हणे आणखी प्रकाश मागितला. "खिडकी उघडा म्हणायचं असेल बिचाऱ्याला," आजोबा म्हणायचे, "पण उंची बघ!" एका तत्त्ववेत्त्याला विषाचा प्याला प्यायल्यावर देवाला द्यायचा राहिलेला कोंबडा आठवला, त्यावर मात्र ते फार नाराज. "एवढा शहाणा माणूस, आणि शेवट कोंबड्यावर!"

तर आदल्या संध्याकाळी छातीत कळ आली तेव्हा त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं, हात उंचावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मी विझतोय, पण उजेड तुमच्यापाशी ठेवून जातोय." बाबा रडले. नर्स रडली. सचिवकाकांचा तर हुंदकाच थांबेना. आजोबांनी डोळे मिटले.

सकाळी डॉक्टर म्हणाले, "गॅसेस होते."

आजोबांनी चहा मागायला तोंड उघडलं, तोच बाबांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "बाबा, थांबा! आता चहा म्हणालात आणि काही झालं, तर धडा चहावर संपेल."

आजोबा थांबले ते थांबलेच.

घरी आल्यावर कारभार भुवयांवर सुरू झाला. डावी वर गेली की पाणी, उजवी वर गेली की पंखा, दोन्ही वर गेल्या की "मूर्ख आहात सगळे." वाक्य बाहेर फुटायचं नाही, मरणानंतरच छापायचं, अशी बाबांनी घरात सगळ्यांना शपथ घातली. एकदा आजोबा शिंकले, तर शिंक उद्गारात धरायची का, यावर सचिवकाका आणि बाबांची चांगलीच जुंपली. भिंगरी रोज शाळेतून आली की त्यांच्याशी मुद्दाम वाकडं बोलायची. चुकीची सनावळी सांगायची. धड्यातल्या त्यांच्या तुरुंगाचं नावच बदलायची. पूर्वी एवढ्यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता भुवया थरथरायच्या, बस्स.

"घरात माणूस आहे की भिंतीवरचा फोटो, तेच कळेनासं झालंय मला," आजी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. "आयुष्यभर म्हणत आले, अहो, जरा गप्प बसा. लागली की नाही माझीच जीभ मला!" मग ती पदराने डोळे पुसत बसली.

असे सहा-सात महिने गेले. मग तोफ आजारी पडली.

तोफ म्हणजे समोरच्या पक्षाचे म्हातारे पुढारी. आजोबांचे जन्माचे वैरी. त्यांचं काही खरं नव्हतं. आजी सफरचंदं घेऊन त्यांना बघायला गेली, सोबत भिंगरी. तोफेचा आवाज पार फुसका झाला होता. "वहिनी," ते कण्हले, "सगळा जन्म दुसऱ्यांनी लिहिलेली भाषणं ठोकली हो. आता वेळ आली, तर माझं म्हणून दोन शब्द सुचत नाहीत." तेवढ्यात नर्सने गर्दी नको म्हणून भिंगरीला बाहेर काढलं.

दोनच दिवसांनी तोफ थंडावली. सकाळचा पेपर भिंगरीने आजोबांच्या हातात दिला. पहिल्या पानावर, काळ्या चौकटीत, ठसठशीत अक्षरांत तोफेचे अखेरचे उद्गार: "मी विझतोय, पण उजेड तुमच्यापाशी ठेवून जातोय."

डावी भुवई वर गेली. उजवी गेली. मग दोन्ही खाली आल्या, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज फुटला.

"चोर! नालायक! चाळीस वर्षं माझ्या योजना चोरल्या, आता मरणसुद्धा चोरलं!"

"बाबा, गप्प बसा!" भिंगरीचे बाबा धावत आले. "आत्ता काही झालं, तर 'नालायक' छापावं लागेल!"

"छापा! ठळक छापा! आणि तू, भिंगरे, तो तुरुंग तो नव्हेच, गाढवे! इतके दिवस ऐकून घेतोय! आणि चहा कुठाय? साखर टाकताय की नुसती दाखवताय?"

भिंगरी आनंदाने जागच्या जागी गिरक्या घेऊ लागली. आजोबा तासभर बोलत होते. श्वास घेत होते की नाही कोण जाणे. आजी स्वयंपाकघराच्या दारात डोळे मिटून उभी होती, मैफलीला बसावं तशी.

अखेर आजोबा थबकले. "पण त्या भामट्यापर्यंत माझं वाक्य पोचवलं कुणी?"

बाबांनी सचिवकाकांकडे पाहिलं. सचिवकाकांनी बाबांकडे.

"मी दिलं," आजी म्हणाली. "घरात नुसतं पडून होतं. म्हटलं, त्यांच्या तरी उपयोगी पडेल."