पोटरीवरची पकड

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर शिवणकाम करणारी ती मशीनवरून उठली, की चिमुकल्या हातांनी कुणीतरी पोटरी घट्ट धरल्यासारखं तिला वाटायचं. फार वर्षांपूर्वी तापाने गेलेली तिची लेक, नुकती उभी राहायला लागली तेव्हा, अशीच पायाला बिलगायची.

"नसा जुळताहेत, होतं असं. या गोळ्यांनी थांबेल," डॉक्टर म्हणाले. तिने घरी येऊन गोळ्या कपाटात ठेवून दिल्या.

"घेत का नाहीस?" नवऱ्याने विचारलं. लेक गेल्यापासून त्याने तिचा विषयही काढू दिला नव्हता. तिने चाचरत सगळं सांगितलं. आता हा आपल्याला वेड्यात काढणार, म्हणून ती घाईने उठली.

 

त्याने तिचा दंड धरला. "सावकाश चाल गं, पडेल ती."