कृपया निघावं

“इथे ‘स्वभाव’ म्हणून रकाना आहे, अब्बा. त्यात काय लिहू?”

अब्बासभाईंनी मांडीवरच्या पाटीवर इतक्या जोरात लिहिलं की खडूचे तीन तुकडे झाले. ‘शिवी दे.’

“शिवी देत नाही हा फोन,” अरीबा म्हणाली. “मघाशी लिहून बघितलं. उलट माझीच माफी मागितली त्यानं.”

अब्बासभाई तणतणत खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. बोलायची सोय नव्हती. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं होतं आणि बजावलं होतं, पंधरा दिवस एक शब्द नाही. एकदा जरी ओरडलात तर आहे तो आवाजही जाईल, मग जन्मभर हातवारे. आणि तो आवाज काही साधासुधा नव्हे. महाडच्या नाक्यावरून अब्बासभाईंनी ‘अरे ए’ केलं की आंबेनळी घाटातली माकडं गुपचूप झाडावरून उतरत आणि दासगावला सावित्रीची भरती अर्ध्यावरून माघारी फिरे. टेम्पोचा सगळा धंदा त्या आवाजावर चालला होता. म्हणून लेकीनं फोनमध्ये एआय मदतनीस बसवायला घेतला होता. हुबेहूब बापाच्या आवाजात तोच फोन करणार, तोच घेणार. त्यासाठी बापाचे चार वर्षांचे व्हॉइस मेसेज तिनं त्याला ऐकवले. शिव्या गाळल्यावर दीड मिनिट उरलं.

पाटीवर आलं, ‘मग निदान रागाव.’

अरीबानं टाइप करून वाचून दाखवलं. “‘स्वभाव नम्र, संयमी. समोरच्याशी आदरानं बोलावं. गरज पडल्यास नाराजी व्यक्त करावी.’ झालं?”

अब्बासभाईंनी कपाळावर मूठ मारून घेतली. पण साडेआठ वाजले होते.

रोज या वेळेला चंदू ड्रायव्हर दासगावची मासळी बर्फात घालून पोलादपुरात चहाला थांबे. एक चहा, शेठची एक शिवी, मग घाट. बावीस वर्षांचा शिरस्ता. शिवी कानात पडल्याशिवाय त्याचा पाय क्लचवर पडत नसे. आणि अकराच्या आत मासळी महाबळेश्वरच्या हॉटेलात पोचली नाही तर ती परत येई. या महिन्यात दोनदा आली होती. तिसऱ्यांदा आली तर दुसरा टेम्पो बघतो, असं हॉटेलवाल्यानं कालच सांगितलं होतं.

अरीबानं फोन स्पीकरवर टाकला.

“नमस्कार, चंदूभाऊ,” फोनमधले अब्बासभाई म्हणाले. “आपला चहा झाला असल्यास कृपया घाटाकडे निघावं. उशीर होत असल्यामुळे मी किंचित नाराज आहे.”

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

“शेठ... कोण गेलं?”

“कोणीही गेलेलं नाही. आपण निघावं.”

“निघालो, शेठ. निघालोच,” चंदू घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि फोन बंद झाला.

“बघा!” अरीबा म्हणाली.

चाळीस मिनिटांनी टेम्पो महाडात, थेट अब्बासभाईंच्या दारात येऊन उभा राहिला. मासळीसकट. चंदू चपला बाहेर काढून, टोपी हातात घेऊन आत आला. त्याच्यामागे पोलादपूरचा चहावाला श्रीपत होता. बिचारा उकळता चहा चुलीवरून उतरवून, हॉटेल बंद करून आला होता.

“हायत! जित्ते हायत!” चंदू ओरडला आणि मटकन खाली बसला. “मग झालं काय गो अरीबा? शेठ मला ‘आपण’ म्हणाले! मी श्रीपतला म्हटलं, घरात मयत तरी हाय नायतर टेम्पो तरी विकला.”

“अहो चंदूकाका, तो फोन बोलत होता. अब्बांना बोलायची बंदी आहे.”

“फोन? फोनच्या सांगण्यावर मी घाट चढू?” चंदू उठून उभा राहिला. “ऱ्हावद्या. शेठ, आता आलोच हाय तर एक घाला. लगेच जातो.”

अब्बासभाईंच्या मानेची शीर दोरखंडासारखी फुगली. तोंड उघडलं. अरीबानं धावत जाऊन त्यावर हात ठेवला. त्यांनी पाटी ओढली आणि काठोकाठ भरून चंदूच्या नाकासमोर धरली. चंदूनं ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं, श्रीपतकडून एक शब्द लावून घेतला आणि मान हलवली.

“लिहिलेली लागत नाय, शेठ.”

बाहेर टेम्पोतून बर्फाचं पाणी थेंब थेंब गळत होतं. सगळ्यांना ऐकू येत होतं.

तेवढ्यात आतून नुरजहाँ आली. अब्बासभाईंची बायको. हाताला तांदळाचं पीठ. पाहुण्यांना पाणी विचारतानाही जिचा आवाज उंबऱ्यापाशी संपे, ती.

“चंद्या, गाढवाच्या शेपटा!” ती कडाडली. खिडकीच्या काचा थरथरल्या. “बर्फाचं पाणी झालं आणि तू हितं कुणाच्या मयताची वाट बघतोस रे? अकराला मासळी वर पोचली नाय तर तुझ्या कातड्याची ट्यूब करीन आणि तुझ्याच तोंडानं हवा भरीन! चल, फूट!”

चंदूचं तोंड उजळलं. टोपी डोक्यावर गेली, चपला पायात गेल्या की हातात राहिल्या ते कुणी पाहिलं नाही. टेम्पो निघालासुद्धा. श्रीपत मागे लोंबकळत होता.

अब्बासभाईंनी पाटी बाहीनं पुसली. मग लहान अक्षरात लिहिलं आणि बायकोपुढे सरकवलं.

‘मी असा बोलतो?’

नुरजहाँनं पदराला हात पुसले.

“नाय,” ती म्हणाली. “मी मध्ये दोनदा श्वास घेतला.”