पहिले चौघे

“थांबा रे, पुन्हा घेऊ,” असं त्या बँडच्या पहिल्या कॅसेटवर गायक हसत म्हणायचा, आणि गाणं सुरू होण्याआधीच माझी ताई विरघळायची. मला मात्र तो सोडून गेल्यावर आलेली गायिका आवडायची. बँड मोडून पंचवीस वर्षं झाली, तरी खरे चौघे कोणते, हे आमचं भांडण मिटलं नाही. मी तसूभरही माघार घेतली नाही, अगदी ताईच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा.

आज ताईचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून आले, तर ती पलंगावर फोन घेऊन बसलेली.

“काय म्हणाले गं?”

“ठीक आहे सगळं,” मी पिशवी खुंटीला अडकवत म्हटलं.

“मग हे बघ. पुढच्या वर्षी बँड पुन्हा उभा राहतोय. कोणते चौघे हवेत, विचारतायत. माझं मत देऊन झालं. तू दे तुझ्या त्या किंचाळणारीला.”

मी फोन घेतला, बटण दाबलं आणि परत दिला.

“तुझ्या पहिल्या चौघांनाच दिलं, ताई. तेच खरे होते.”

ताईचं हसू हळूहळू मावळलं.

 

“किती दिवस म्हणाले?”