राजाचा खोकला

दरबाराचा नियम सरळ होता. परदेशी वैद्याने राजाचा आजार बरा करायचा आणि आपल्या देशी परत जायचं. पण राजाचा खोकला काही केल्या हटत नव्हता. वैद्य रोज स्वतः औषध तयार करून आणायचा, राजा ते निमूट प्यायचा आणि मग दोघं दार लोटून बुद्धिबळाला बसायचे.

राजकुमारीला राहवेना. असलं कसलं हे औषध, ज्याने खोकला जातही नाही आणि वाढतही नाही? एका सकाळी तिने वैद्याला दारातच गाठलं आणि बाटलीतला थेंब जिभेवर ठेवला.

"हे तर नुसतं साखरेचं पाणी! दिवाणजींना कळलं तर उद्याच हाकलतील तुम्हाला."

"सांगा त्यांना, ताईसाहेब," म्हातारा वैद्य म्हणाला. "पण महाराज पहिल्याच वर्षी खडखडीत बरे झालेत, हेही सांगा. म्हणजे नियमानेच जाईन मी."

आतून राजाची हाक आली, "अहो वैद्यबुवा, पट मांडून किती वेळ बसू?" आणि पाठोपाठ, आठवल्यासारखा, खोकला.

राजकुमारीने बाटलीला घट्ट बूच लावलं.

"उद्यापासून जरा कडू करा," ती हळूच म्हणाली. "दिवाणजीही चाखून बघायच्या बेतात आहेत."