ताज्या डोक्याची सही

सोमवारी सकाळी उज्ज्वलाताई प्रयोगाच्या खोलीत आल्या आणि हेरंबने संमतीपत्र पुढे सरकवलं. ताई चौदा वर्षं कंपनीत सॉफ्टवेअर लिहीत होत्या. गेले सहा सोमवार विद्यापीठाचा हेरंब त्यांना प्रोग्रॅममधली तीच एक चूक शोधायला देत होता, दर वेळी नवं साधन हातात देऊन. मग त्यांच्या कपाळाला पट्टी लावून कामाचे ते चार तास त्यांच्या डोक्यातून पुसून टाकायचा. कारण माणूस शिकतो, आणि शिकला की साधनांची तुलना फसते.

"मागच्या सोमवारी काय म्हणाले रे मी?" पेन उघडत ताईंनी विचारलं. "जेवायला तरी घातलंत ना?"

हेरंबला ते सगळं तोंडपाठ झालं होतं. चूक सापडली की ताई टेबलावर थाप मारून लहान पोरीसारख्या हसायच्या. पट्टी दिसली की ते हसू जायचं. 'हे मी शोधलंय, माझं आहे. पुसू नका. प्रयोगातून माझं नाव काढून टाका.' मग हेरंब फोन लावायचा. कंपनीचे ढोबळे साहेब म्हणायचे, "दमलेल्या माणसाचं काय ऐकतोस? सकाळी ताज्या डोक्याने सही केलीय ना? लाव पट्टी." आणि हा शेळपट पट्टी लावायचा.

आज त्याला स्वतःचाच कंटाळा आला होता.

"ताई, तुम्ही नाही म्हणालात. पुसू नका म्हणालात. सहाही वेळा."

ताईंनी पेनाला टोपण लावलं.

"आणि तू सातव्यांदा कागद घेऊन आलास?"